गुरुवारची पहिली वाटी

आमच्या भागात रविवार गुरुवारी येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण ज्याचा जन्म एमआयडीसीत गेला त्याला विचारा गुरुवार म्हणजे काय ते. वीज पुरायची नाही म्हणून कधीकाळी सुट्ट्या वाटून दिल्या होत्या, असं जुने लोक सांगतात. वीज आली, सुट्टी तशीच राहिली. रविवारच्या लग्नाची पत्रिका आली की आमच्याकडे आधी रजेचा विचार सुरू होतो, मग आहेराचा. तर घोलपकाकांचं मला जे काही सांगायचंय ते सगळं गुरुवारचं आहे.

काका गेले त्याला वर्ष उलटून गेलं. सोमवारी सकाळी रहाटणीहून काकूंचा फोन आला, हे उठत नाहीयेत म्हणून. मी गेले, डॉक्टरला आणलं, नातेवाइकांना फोन लावले, जे जे करायचं ते सगळं केलं आणि मंगळवारी पहिल्या शिफ्टला हजर झाले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटाशेजारी अठरा वर्षं काढली की माणूस थोडा बधिर होतोच, असं मी नवऱ्याला म्हणते. तो म्हणतो, प्रेस शॉपला कशाला नावं ठेवतेस, तू आधीपासूनच तशी आहेस. असेन बाई. मी आपलं जे आठवतंय ते सांगते.

घोलपकाका चाकणला आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मूळचे बार्शीकडचे. अंगानं किरकोळ, शर्ट कायम इन केलेला, खिशात दोन रुमाल. एक तोंडाचा, एक गेजचा. गेज म्हणजे जॉब मापायचं साधन, आणि जॉब म्हणजे मशीनवर बनलेला तुकडा. आमच्या कामात या दोन गोष्टींपलीकडे तिसरं काही नाही. जॉब मापात असला तर ओके, नसला तर रिजेक्ट. पण काकांच्या तोंडून रिजेक्ट हा शब्द मी फार क्वचित ऐकला. ते म्हणायचे, परत बघू. एवढं म्हणून गेजचा रुमाल काढायचे, गेज पुसायचे, त्याचं झीरो बघायचे आणि मगच जॉबला हात लावायचे.

मी डिप्लोमा करून नवीन लागले तेव्हा इन्स्पेक्शन रूममध्ये एकटी बाई होते आणि मला वाटायचं की आपण फार हुशार आहोत. तोंडाळ तर मी होतेच. दुसऱ्या महिन्यात एक दिवस मी एका ऑपरेटरचा अख्खा लॉट परत पाठवला. तो माणूस तावातावानं आला, मी त्याच्याहून मोठ्यानं बोलले. काका शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी माझ्या हातातलं डायल गेज घेतलं, मास्टरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या नमुन्यावर, लावलं. काटा झीरोवर नव्हता. सकाळी ते माझ्या हातून टेबलाखाली पडलं होतं आणि मी गपचूप उचलून ठेवलं होतं.

मला वाटलं, आता साहेबांकडे नेतील. काकांनी एवढंच विचारलं, झीरो शेवटचं कधी बघितलं होतंस. सकाळी आल्यावर, असं मी म्हणाले. मग सकाळपासूनचं सगळं परत मापायचं, ते म्हणाले. आणि त्याआधी शॉपमध्ये जाऊन त्या माणसाला त्याच्या मशीनवर, त्याच्या शेजारच्यांच्या देखत सांगायचं की जॉब बरोबर होता, गेज चुकलं. मी म्हटलं, काका, फोनवर सांगते. ते म्हणाले, "रिजेक्ट चारचौघांत केलंस ना? मग ओके पण चारचौघांतच द्यायचं. मशीन चुकतं, माणूस चुकतो, ते दिसतं तरी. गेज चुकलं तर ते लई ठामपणानं चुकतं, पोरी."

मी गेले आणि सांगितलं. माझी मान इतकी खाली कधी गेली नव्हती. तो ऑपरेटर बरा माणूस निघाला, त्यानं चहा पाजला. काकांचा मात्र मला महिनाभर राग होता.

मग तो राग कुठे गेला कोण जाणे. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा माझ्या आईनं काकांनाच मुलगा बघायला पाठवलं. माझे वडील तोवर गेलेले होते. काका त्याच्या कंपनीत जाऊन आले, त्याच्या फोरमनशी बोलून आले, आणि माझ्या माहेरी काळेवाडीला बसून आईला म्हणाले, मुलगा मापात आहे, एक बाजू जरा रफ आहे, पण घासून जाईल. आईनं तेवढ्यावर होकार दिला. मी अजून घासतेय.

आता हॉटेलचं सांगते. पिंपरीत स्टेशनजवळ बाजाराच्या तोंडाशी एक जुनं साउथ इंडियन हॉटेल आहे. पाटीवरचं नाव कुणाला पाठ नाही, सगळे अण्णाचं हॉटेल म्हणतात. मालक अण्णा गल्ल्यावर, पांढरी लुंगी, कपाळाला गंध, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. खाली फरशी सतत ओली, वर पंखे घरघरतात, टेबलाला टेबल लागलेलं, आणि गुरुवारी सकाळी आठला तिथे उभं राहायला जागा नसते. अख्खी एमआयडीसी बायकापोरांना घेऊन डोसा खायला उतरलेली असते. काका आणि काकू साडेसातलाच येऊन बसायचे. स्कूटरवरून, काकूंच्या मांडीवर भाजीची रिकामी पिशवी. भिंतीकडचं तिसरं टेबल.

काका खायचे कसे ते बघण्यासारखं होतं. प्लेट आली की आधी इडलीला हात नाही, वड्याला नाही. चमचाभर सांबार घ्यायचं, तोंडात ठेवायचं, डोळे मिटायचे. काकू तोवर अर्धी इडली संपवायच्या, त्यांना या नाटकाचा कंटाळा होता. मग काका डोळे उघडायचे आणि मान हलवून म्हणायचे, ओके. त्यानंतर साधा माणूस खातो तसं खायचे.

हे अण्णाच्या लक्षात आलं कधी, तर एकदा काकांनी ओके म्हणायच्या ऐवजी परत बघू म्हटलं. दुसरा चमचा घेतला आणि अण्णाला बोलावून विचारलं, हिंग बदलला का. अण्णा म्हणाला, छे हो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचारी बाहेर डोकावला आणि म्हणाला, बदलला, बदलला, मी सांगत होतो मालकांना. तो मंजुनाथ. कुंदापूरकडचा, काळासावळा, जाड भुवयांचा, अण्णाकडे वीस-बावीस वर्षं होता. अण्णा खजील झाला आणि जुना हिंग परत आला. त्या दिवसापासून गुरुवारच्या सांबाराची पहिली वाटी काकांच्या टेबलावर यायला लागली. आधी थट्टेत, मग रीतच पडली. काकांनी ओके म्हटलं की अण्णा गल्ल्यावरून मोठ्यानं म्हणायचा, चला, माल पास, आणि वेटर हसत हसत बादल्या घेऊन निघायचे.

मंजुनाथ आणि काका एकमेकांशी बोलल्याचं मला आठवत नाही. बोलणार काय? एकाला कानडी आणि तोडकीमोडकी मराठी, दुसरा मुळात अबोल. पण पहिली वाटी गेली की खिडकीत मंजुनाथ उभा राहायचा, हातात झारा, आणि काकांचे डोळे उघडेपर्यंत हलायचा नाही. बाकी दोनशे माणसं डोसे खाऊन बोटं चाटत असायची, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नसायचं. कामगाराला आपला जॉब ज्याला कळतो असा एक इन्स्पेक्टर लागतो, बाकी दुनिया गेली उडत. हे मला माझ्या नोकरीत उशिरा कळलं.

काकू मात्र चिडवायच्या. माझ्याकडे बघून म्हणायच्या, बघ गं, तिकडे दर गुरुवारी ओके, आणि माझ्या हातचं इतकी वर्षं खातायत, एकदा तोंडातून शब्द नाही. काका शांतपणे म्हणायचे, "घरच्या मालाला इन्स्पेक्शन लागत नाही." त्यांचा तो नेमच होता. घरी आळणी असो, खारट असो, करपलेलं असो, पानात पडेल ते खायचं आणि बोलायचं नाही. आम्ही सगळ्या बायका म्हणायचो, नशीबवान हो काकू. त्या नेमानंच पुढे घोटाळा केला.

काका रिटायर झाले. त्यानंतर दुसऱ्या वर्षी मोशीला आमच्या घरून परत जाताना त्यांची स्कूटर खडीवरून घसरली आणि डोकं मागून दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचले. दोन दिवस दवाखान्यात, चार टाके, रिपोर्ट नॉर्मल. तिसऱ्या दिवशी ते घरी पेपर वाचत बसले होते. स्कूटर मुलानं पुण्याहून येऊन विकून टाकली, तेवढंच त्यांना लागलं.

महिन्याभरानं ते परत अण्णाकडे यायला लागले, रिक्षानं. पहिल्या गुरुवारी वाटी आली, चमचा घेतला, डोळे मिटले. उघडले आणि म्हणाले, परत बघू. दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. अण्णाला म्हणाले, आज काही तरी राहिलंय. पुढच्या गुरुवारी म्हणाले, यात जीव नाही अण्णा. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी माझ्या पोराला घेऊन शेजारच्या टेबलावर होते. काकांनी वाटी सरकवली आणि म्हणाले, "हे नुसतं गरम पाणी आहे. हे मी पास करू शकत नाही."

मी तेच सांबार खात होते. मला तर चांगलं लागत होतं. मी बोलले का? नाही बोलले. म्हटलं, काकांच्या जिभेपुढे आपली काय पत्रास. खिडकीत मंजुनाथ उभा होता. त्याला शब्द ऐकू गेले की नाही माहीत नाही, पण सरकवलेली वाटी दिसली. त्यानं आत जाऊन भांड्यातलं चाखलं असणार, कारण थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि अण्णाला म्हणाला, मालक, बरोबर आहे, रोजच्यासारखंच आहे. अण्णा सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसला. घोलपसाहेब खोटं बोलतात का, तुझंच लक्ष नाही कामात, वय झालं तुझं. मंजुनाथ काकांकडे बघत होता. काका खाली बघून इडली खात होते.

मधे एक गुरुवार मी गेले नाही, काकांचंही जाणं झालं नाही. त्यानंतरच्या गुरुवारी गेले तर खिडकीत दुसरंच कुणी होतं. काकांची वाटी यायची होती. त्यांनी विचारलं, मंजुनाथ कुठाय. अण्णा मोठ्या कौतुकानं म्हणाला, काढला साहेब. तुम्ही तीनदा नापास केलंत, म्हटलं आता कशाला वाट बघायची. नवा माणूस आणलाय, मोठ्या हॉटेलातला आहे, चाखा.

वाटी आली. चमचा तोंडात गेला, डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले की काकूंनी खाणं थांबवलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "वैशाली, दोन वेगळ्या मशीनवरचे जॉब आणि रीडिंग एकच आलं, तर काय समजायचं?"

मला कळलं. जॉब नाही, गेज बघायचं.

काकांनी अण्णाला हिंगाचा डबा मागितला. अण्णाला वाटलं, परत हिंगाची तक्रार. डबा आला. टोपण उघडताच माझ्या पोरानं नाक दाबलं, शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. काकांनी डबा नाकाशी धरला. एकदा, दोनदा श्वास ओढला. मग टोपण लावलं, डबा टेबलावर ठेवला आणि खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. काकूंना विचारलं, घरी हे दोन महिने भाजीत काही कमी होतं का गं. काकू गोंधळल्या. म्हणाल्या, नाही, नेहमीसारखीच तर करतेय. काका म्हणाले, मला वाटलं तू बीपीसाठी मसाला बंद केलास.

दोन महिने घरातलं सगळं त्यांना पाण्यासारखं लागत होतं आणि नेम म्हणून ते बोलले नव्हते. बोलले असते तर काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं असतं की जेवण ठीक आहे, तुमचंच काही तरी बिनसलंय. ज्या माणसानं मला झीरो बघायला शिकवलं त्यानं स्वतःचं झीरो बघितलं नाही. माणूस आपल्या जिभेला गेज समजत नाही, जीभ समजतो.

काका उभे राहिले. भर गर्दीत, हॉटेल भरलेलं. अण्णाला म्हणाले, मंजुनाथचं सांबार ओके होतं. तीनही वेळा ओके होतं. माझं गेज गेलंय. वेटर थांबले, गिऱ्हाइकं बघायला लागली. अण्णा म्हणाला, बसा साहेब, एवढं काय त्यात, नवा माणूस पण चांगला आहे. काका बसले नाहीत. आधी त्याला परत आणा, म्हणाले, आणि काकूंना घेऊन निघाले. इडली तशीच राहिली.

डॉक्टरनं सांगितलं, डोक्याला मागून मार लागला की कधी कधी नाकाकडची शीर तुटते. गोड-खारट कळेल, बाकी चव वासाची असते, ती गेली. परत येईल का? या वयात धरून चालू नका. काका बाहेर येऊन मला म्हणाले, म्हणजे स्क्रॅप. त्यांच्या आवाजात दुःखबिख काही नव्हतं, रजिस्टरला नोंद करताना बोलतात तसं बोलले. मी गाडी चालू केली.

त्यांना स्वतःच्या चवीचं काही वाटत नव्हतं, निदान तसं ते म्हणाले नाहीत कधी. मंजुनाथचं वाटत होतं. त्याचा फोन बंद होता. स्टेशनमागची खोली त्यानं सोडली होती. शेवटी अण्णाला कढीपत्ता देणाऱ्या माणसानं सांगितलं की तो कुरुळीला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ठेकेदाराकडे लागलाय. त्या कंपनीची सुट्टी रविवारची, म्हणजे गुरुवारी कॅन्टीन चालू. मी काकांना माझ्या गाडीवर मागे बसवलं आणि घेऊन गेले. नवऱ्यानं विचारलं, तुला काय पडलंय एवढं. मी म्हटलं, त्यांनी तुला पास केलंय, गप्प बस.

दुपारचं जेवण आटोपलेलं होतं. मोठाली पातेली धुवायला पडलेली, पत्र्याखाली भट्टीसारखं गरम. मंजुनाथ बनियनवर, एका पोत्यावर बसला होता. काकांना बघून उभा राहिला. काकांनी पाच-सहा कामगारांच्या देखत सगळं सांगितलं. डोकं आपटलं ते, हिंगाचा डबा, डॉक्टर. म्हणाले, तुझा जॉब ओके होता, गेज चुकलं. आणि हात जोडले. बार्शीकडचा, साठी उलटलेला माणूस, मला ते बघवेना, मी पातेल्यांकडे बघत राहिले.

मंजुनाथला राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पाणी म्हणालात. मी चाखलं, मला बरोबर लागलं. मग वाटलं, घोलपसाहेब चुकणार नाही, म्हणजे माझीच जीभ मेली. तेव्हापासून मी चाखत नाही."

त्यानं कोपऱ्यातल्या पिशव्या दाखवल्या. ठेकेदाराचा मसाला, शंभर माणसाला एक पिशवी. सहाशे माणसाला सहा. मापानं घालायचं, ढवळायचं, वाढायचं. तोंडात काही घालायचं नाही. सोपं आहे, तो म्हणाला. आणि खरंच सोपं असल्यासारखं म्हणाला.

काकांनी अण्णाला फोन लावून दिला. अण्णानं स्वतः बोलावलं त्याला, चूक कबूल केली. मंजुनाथनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. परतीच्या वाटेवर काका मागून माझ्या कानाशी म्हणाले, नोकरीचं राहू दे, ती त्याला कुठेही मिळेल. त्याची जीभ परत द्यायचीय. ती मी घेतली.

मग दर गुरुवारी कुरुळी. मी सोडायचे, बाजूला थांबायचे. काकांनी मंजुनाथकडे एकच मागणं घातलं होतं, माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं सांबार कर. भिडेखातर तो करायचा. तेही पिशवीतल्या मसाल्याचं, न चाखता. काका स्टुलावर बसून खायचे. पहिल्यांदा मलाही वाटी मिळाली. डाळ खाली लागलेली, चिंच नुसती ओरडत होती, मिठाचा पत्ता नाही. मी कशीबशी गिळली. गाडीवर काकांनी विचारलं, कसं होतं. मी म्हटलं, छान होतं. ते म्हणाले, आता गेज तुझ्याकडे आहे, खोटं रीडिंग देऊ नकोस. मग मी सांगितलं, काका, कुत्र्यानं खाल्लं नसतं.

चाकणच्या रस्त्यावर ट्रक तुंबलेले, आम्ही त्यांच्यामधून हळूहळू जात होतो. मग काका म्हणाले, त्याला हे तू सांगायचं नाहीस. मी पण सांगणार नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून तर हे झालं.

चार-पाच गुरुवार असेच गेले. मी बाहेर थांबायला लागले, मला ते खायची वेळ येऊ नये म्हणून. काका खायचे. मिठाशिवाय आणि चिंचेशिवाय त्यांना काही कळत नव्हतं, आणि तेवढं कळत होतं तेही वाईटच होतं. तरी वाटी निपटून खायचे आणि म्हणायचे, अजून वाढ. मला त्यांचा राग यायचा. म्हटलं, हा काय हट्ट, त्या माणसाला बिचाऱ्याला सुखानं मापानं घालू द्या की. घरी येऊन मी चिडचिड करायचे आणि माझंही जेवण जायचं नाही.

काकांच्या शेवटच्या गुरुवारी पोराचा क्लास होता म्हणून मी काकांना लवकर निघा म्हणायला आत गेले. त्यांची दुसरी वाटी संपत आली होती. त्यांनी ती पुढे केली. मंजुनाथनं पळी पातेल्यात घातली आणि थांबला. म्हणाला, साहेब, खरंच एवढं चांगलं होतंय?

काका म्हणाले, "मला काय माहीत? मला कळत नाही. तू बघ."

मंजुनाथ पळीकडे बघत राहिला. मी दारात होते, हलले नाही. त्यानं तळहातावर थेंबभर घेतलं, तोंडाला लावलं. मग परत घेतलं, जरा जास्त. त्याच्या भुवया एकत्र आल्या आणि तोंड असं वाकडं झालं की तो मोरीकडे जाऊन थुंकून आला.

"हे खाल्लं तुम्ही?"

"दोन वाट्या."

"मागच्या गुरुवारी?"

"तीन."

मंजुनाथ पोत्यावर बसला. कपाळाला हात लावून कानडीत काही तरी पुटपुटला. मला वाटलं रडतोय, पण तो उठला, पातेलं उचललं आणि सगळं सांबार मोरीत ओतून दिलं. ठेकेदाराची पिशवी लाथेनं बाजूला सारली. फळीवरून धणे काढले, मेथी काढली, मिरच्या काढल्या, कढई चढवली. काकांकडे बघितलंसुद्धा नाही. काकांच्या हातात रिकामी वाटी, आणि चेहरा कसा, तर मुलगी पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा. मलाही खूप बरं वाटलं, हे मी कबूल करते. त्या वर्षात तेवढंच एक मला नीट जाणवलेलं आठवतंय.

मी म्हटलं, काका, चला, उशीर होतोय. ते म्हणाले, तू जा, याला वेळ लागेल, मी येतो रिक्षानं.

दारातून मी मागे वळून बघितलं. धणे-मेथी भाजल्याचा वास पत्र्याखालून बाहेर रस्त्यापर्यंत आला होता, भांडी घासणाऱ्या बायका हातातलं काम सोडून नाक वर करून बघत होत्या. काकांना तो येत नव्हता. त्यांनी स्टूल उचलून कढईजवळ नेलं होतं आणि ते मंजुनाथच्या तोंडाकडे बघत बसले होते.